तेवीस पाठकोरे कागद

दोरा तुटला तो मेथीमुळे. सप्टेंबर अर्धा सरला होता, वॉटफर्डच्या त्या चिंचोळ्या मागच्या अंगणात ऊन अजून बऱ्यापैकी उतरत होतं, आणि अलकाच्या मनात आलं, शेवटची एक मेथी टाकून बघावी. आता टाकली तर थंडीच्या आत हाताला लागते का, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस दोन वर्षांपूर्वी गेला होता. त्याच्या वह्या मात्र शेडमधल्या फळीवर होत्या, बियांच्या डब्याशेजारी, तो ठेवून गेला तशाच. तिचा नवरा दीनानाथ आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नलचे नकाशे काढत आला आणि उरलेल्या वेळात भाज्यांवर तीच शिस्त चालवत राहिला. तिनं त्यातली एक जुनी वही उचलली, खुर्चीत बसून सप्टेंबर काढला. ‘१४ सप्टें. मेथी पेरली. अलका म्हणते उशीर झाला. बघू.’ आणि खाली, ‘१२ ऑक्टो. मेथी काढली. अलकाला दाखवली.’ एवढंच. दाखवल्यावर ती काय म्हणाली ते त्यानं लिहिलं नव्हतं, माणूस सभ्य होता. ती स्वतःशी हसली, पान उलटायला गेली, आणि वहीचा दोरा सुटून सगळी पानं तिच्या मांडीवर आली.

या वह्या विकतच्या नव्हत्या. दीनानाथला पाठकोऱ्या कागदाचं वेड होतं. एका बाजूला छापलेला आणि दुसऱ्या बाजूला कोरा कागद टाकून द्यायचा म्हणजे त्याच्या लेखी अन्न टाकण्यासारखंच. लहानपणी जून महिना आला की घरात वडील मुलांना घेऊन बसत, गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं काढत, दाभणानं भोकं पाडून नव्या वह्या शिवत; ते त्यानं इंग्लंडात आल्यावरही सोडलं नाही. त्याची पद्धतही ठरलेली होती. कागद मधोमध दुमडायचा, छापील बाजू आत, कोरी बाहेर, आणि उघड्या कडा एकत्र शिवून टाकायच्या. मग छापलेलं कायमचं पानाच्या पोटात जायचं आणि वही दिसायची कोरी करकरीत. ऑफिसातली परिपत्रकं, कौन्सिलची पत्रं, मुलीच्या, वरदाच्या, शाळेच्या नोटिसा, सगळं त्या वह्यांच्या पोटात होतं. अलका चिडवायची, की तू गेल्यावर माझ्या गळ्यात नुसती रद्दी येणार. तो म्हणायचा, शिवलेली रद्दी, शिवलेली. आता दोरा कुजून तुटला होता आणि पानांची पोटं उघडी पडली होती. आत नावांच्या लांबच लांब याद्या होत्या, अक्षरांच्या डोक्यावर बारीक आडव्या रेघा, आणि प्रत्येक कागदाच्या माथ्यावर एक ठळक आकडा. ती लॅटव्हियन भाषा येत नसूनही तिनं ओळखलं, जुन्या मैत्रिणीचे मतदानाचे कागद. वेल्टाबाईंची निवडणूक, तिनं मनात म्हटलं, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिनं तो वरचा कागद नाकाशी नेला. मातीचा वास आला.

मग तिनं कागद मोजले. काही संशय होता म्हणून नव्हे. पस्तीस वर्षं ती भूल देणारी डॉक्टर होती, आणि ऑपरेशन संपत आलं, पोट शिवायची वेळ झाली की नर्स रक्ताचे बोळे मोठ्यानं मोजते, ते मोजणं टेबलाच्या डोक्याशी बसून ऐकता ऐकता तिच्या कानात असं भिनलं होतं की समोर सुटी वस्तू आली की ती मोजूनच खाली ठेवायची. पुऱ्या, मोजे, पाहुणे. दीनानाथनं कागद क्रमानं लावले होते, एक, दोन, तीन. मोजताना अकराव्या कागदावर पेन्सिलीनं केलेली एक अधिकची खूण दिसली, एका नावापुढे, आणि तेव्हा ती थांबली नाही. तेवीस झाले तेव्हा थांबली. पुन्हा मोजले. तेवीस. आता यात घाबरण्यासारखं काय होतं, ते समजायला ती निवडणूक कशी असते ते कळायला हवं, आणि अलकाला ते चांगलंच ठाऊक होतं, कारण वेल्टाबाईंनी त्या मतदानाच्या दिवशी हाइड पार्कच्या बाकावर पुरी खाता खाता तिला समजावून सांगितलं होतं. लॅटव्हियात एका मोठ्या मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत. प्रत्येक पक्षाचा स्वतंत्र कागद असतो. पक्ष तेवीस, तर कागद तेवीस. मतदाराला सगळा गठ्ठा देतात आणि एक पाकीट देतात. आपला कागद निवडायचा, आवडत्या नावापुढे अधिकची खूण करायची, तो एक कागद पाकिटात, पाकीट पेटीत, उरलेले कागद आपले. म्हणजे बावीस उरायला हवेत. आणि अकरावा, खूण केलेला, तो तर इथे असताच कामा नये.

मग पाकिटात काय गेलं? ती शेडमध्ये बसून राहिली. ऊन गुडघ्यांवरून सरकून जमिनीवर गेलं. वेल्टाबाई आता शहाण्णव वर्षांच्या होत्या. अठराव्या वर्षी, चव्वेचाळीस साली, आईबरोबर एका बोटीतून देश सोडून निघाल्या. तीन वर्षं जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत काढून इंग्लंडात आल्या ते क्षयरोग्यांच्या एका इस्पितळात फरशा पुसायला. पुढे वॉटफर्डच्या हॉस्पिटलात चादरींच्या खोलीत लागल्या आणि तिथेच मुख्य झाल्या. एकोणऐंशी साली अलका त्या हॉस्पिटलात पहिली रात्रपाळी करायला आली तेव्हा तिला मिरजेच्या थंडीपलीकडची थंडी माहीत नव्हती. या उंच, करड्या केसांच्या बाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं, काही न बोलता दोन जास्तीची ब्लँकेट्स तिच्या हातावर ठेवली आणि रजिस्टरात एकच लिहिलं. मैत्री तिथे जुळली. नंतर योगायोगानं घरंही एकाच रस्त्यावर आली, आणि वरदाला घरात जी एक आजी मिळाली ती हीच, राईचा काळा पाव आणणारी, शिवणीचे टाके पारखणारी. त्यांचा देश सोव्हिएत रशियापासून सुटा झाला तेव्हा त्या पासष्टीत होत्या. त्र्याण्णवच्या जूनमध्ये तिथली पहिली निवडणूक आली, लंडनच्या वकिलातीतही मतदान होणार होतं, आणि अलका म्हणाली, मी नेते तुम्हाला गाडीनं. तिथपासून एकोणतीस वर्षं तो दिवस दोघींच्या मैत्रीचा जणू दागिना होता. गणपतीला घरी बायका जमल्या की कुणीतरी म्हणायचंच, वेल्टाबाई, ती मतदानाची गोष्ट सांगा ना. आणि त्या सांगायच्या.

आता त्या दागिन्यातला खडा जागेवर नव्हता, आणि तो कुणी पाडला हे अलकाला कळत होतं. घाई तिनं केली होती. गाडी पार्किंगच्या मीटरवर लावली होती आणि वकिलातीच्या दारात तिनं म्हटलं होतं, पाऊण तास आहे हं, पाऊण तासात यायला हवं. नुसती घाईच असती तरी चाललं असतं. वाटेत ती रडलीही होती. जिनं एकोणपन्नास वर्षं या सकाळची वाट पाहिली, जिनं नवा फिकट निळा हातमोज्यांचा जोड घातला होता, कॉलरला चांदीचा जुना ब्रूच लावला होता, त्या बाईला शेजारी बसवून अलका एजवेअर रोडवर स्वतःचंच रडत बसली. त्या गोंधळल्या असणार. पडद्याआड कागद निवडला, खूण केली, आणि मग गडबडीत गठ्ठा पर्समध्ये आणि रिकामं पाकीट पेटीत. त्यांना ते कळलंच नसणार. कळलं असतं तर त्या गोष्ट सांगताना असा चेहरा कसा फुलला असता? म्हणजे एवढं आयुष्य थांबून मिळालेलं एक मत हवेतच गेलं होतं, आणि ज्या बाईचं ते होतं तिला ते ठाऊक नव्हतं, आणि जिच्यामुळे गेलं तिच्या मांडीवर आत्ता पुरावा होता. आणि नेमका आत्ता, कारण स्वयंपाकघरात ओट्यावर रीगाहून आलेलं जाड पाकीट पडलं होतं. वेल्टाबाईंचं टपाल अलकाच्या पत्त्यावर यायचं. एक ऑक्टोबरला तिकडे पुन्हा निवडणूक होती, यंदा मत पोस्टानं पाठवायचं होतं, आणि उद्या केअर होममध्ये बसून दोघींनी ते मिळून भरायचं असं आठवडाभर ठरलेलं होतं.

तिनं वरदाला फोन लावला. वरदा रीडिंगला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, दोन मीटिंगांच्या मधल्या वेळातच आईशी बोलायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, तू तिला काही सांगू नको हं. शी इज नाइंटी-सिक्स. ती हॅपी आहे ना? मग कशाला तिचा स्टोरी घ्यायचा तिच्याकडून?” अलकानं सवयीनं म्हटलं, तिची स्टोरी. वरदा म्हणाली, तेच ते. फोन ठेवल्यावर अलकाला वाटलं की पोरीचं व्याकरण कच्चं असलं तरी म्हणणं पक्कं आहे. सांगायचं नाही. उद्या नीट बघायचं, या वेळी कागद पाकिटात जातो ना ते डोळ्यांत तेल घालून बघायचं, आणि मागचं पोटात ठेवायचं. फोनवर गिरीशचाही एक मेसेज येऊन पडला होता. तिचा धाकटा भाऊ, मिरजेला असतो. ‘गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरवलं आहे. काळजी नसावी.’ गिरीशचे मेसेज हे असेच. ठरवलं आहे. विकलं आहे. जमलं आहे. मुलाचं लग्नसुद्धा त्यानं तिला जमल्यावर कळवलं. शुगर आहे, बीपी आहे, त्यात एकसष्ट वर्षांचा, आणि घरात भूल देणारी डॉक्टर बहीण असून हा काळजी नसावी म्हणतो. तिनं अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं आणि नेहमीसारखं थोडं दुखलं ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी गाडी चालवताना तिला समोरचा रस्ता नव्हे, एजवेअर रोडच दिसत राहिला. त्र्याण्णवच्या मे महिन्यात गिरीशचा फोन आला होता. वडिलांच्या, अण्णांच्या, पोटात आतड्याला पीळ पडला होता, वय अठ्ठ्याहत्तर, हृदय आधीच थकलेलं, सर्जन म्हणत होता ऑपरेशन केलं तर अर्धी आशा, नाही केलं तर दोन-तीन दिवस. गिरीश बत्तीस वर्षांचा, त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. ताई, तू सांग, करू का? तिनं रिपोर्ट विचारले, आकडे विचारले, आणि हजारो माणसांना झोपवून परत उठवलेल्या बाईच्या आवाजात सांगितलं, कर. अण्णा उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले. ती पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं, म्हणून गेलीही नाही. त्यानंतर तीन आठवडे ती कामावर जात होती, लोकांना भूल देत होती, हसत होती, आणि वेल्टाबाईंना लंडनला नेताना एजवेअर रोडच्या एका सिग्नलला, काही कारण नसताना, तिचा बांध फुटला. ती काय बोलली ते तिला आजही शब्दनशब्द आठवत होतं. मी इथून सांगायलाच नको होतं, ती म्हणाली होती. जे तिथे राहतात, ज्यांना नंतर निस्तरायचं असतं, त्यांनी ठरवावं. निघून गेलेल्या माणसानं लांबून ठरवू नये, त्याला हक्कच नाही. वेल्टाबाईंनी पर्समधून रुमाल काढून दिला, कडक इस्त्रीचा, चादरींच्या खोलीतल्यासारखी घडी केलेला. दिवा हिरवा झाला होता आणि मागचा कुणी हॉर्न वाजवत होता. त्यांनी फक्त म्हटलं, गाडी चालव, अलका.

बेजवॉटरला वकिलातीच्या त्या गल्लीत रांग कोपऱ्यापर्यंत आली होती. म्हातारी माणसं, सगळी ठेवणीतल्या कपड्यांत, एकमेकांशी हळू आवाजात बोलत होती, एकाच लग्नाला आल्यासारखी. एक जण गणवेश पेटीतून काढून आला होता, त्याच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. अलका रस्त्यापलीकडे उभी राहून बघत होती. वेल्टाबाई आत गेल्या, वीस मिनिटांनी बाहेर आल्या, पायरीवर उभ्या राहून त्यांनी हातमोजे पुन्हा चढवले, एकेक बोट नीट करत, आणि मग तिच्याकडे बघून हसल्या. पार्कात त्यांनी तिखटमिठाच्या चार पुऱ्या खाल्ल्या. उरलेला गठ्ठा त्यांनी संध्याकाळी दीनानाथच्या हातात दिला, म्हणाल्या, घे, तुझे ते पाटकोरे. तो शब्द त्यानंच त्यांना शिकवला होता, ‘ठ’ मात्र त्यांना कधी जमला नाही. आज केअर होमच्या फाटकात गाडी वळवताना अलकाच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि तिनं गाडी तिथेच मध्ये थांबवली. दीनानाथनं कागद क्रमानं लावले होते. एक ते तेवीस. म्हणजे त्यानं आकडे पाहिले होते. अकरावा हातात धरून, त्यावरची खूण बघून, त्यानं तो दुमडला होता. आणि गणपतीला वेल्टाबाई मतदानाची गोष्ट सांगायला लागल्या की दीनानाथ दर वर्षी उठून चहा टाकायला आत जायचा. एवढी वर्षं तिला वाटत आलं होतं की त्याला गोष्ट पाठ झाली म्हणून कंटाळा येतो. मागून डिलिव्हरीची व्हॅन आली तेव्हा तिनं गाडी पुढे घेतली.

आत नेहमीचा वास होता, उकडलेली भाजी आणि फरशीचं पॉलिश. सारा नावाची गोड मुलगी तिथे काम करायची. तिनं वेल्टाबाईंना खिडकीशी बसवून गुडघ्यांवर शाल घातली होती, समोर टेबल पुसून ठेवलं होतं, आणि वेल्टाबाईंच्या कॉलरला तो चांदीचा ब्रूच होता. सकाळपासून लावून बसल्यात, सारा म्हणाली. अलकानं पाकीट उघडलं. यंदा कागद एकोणीस होते. वेल्टाबाईंना आता बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून ती एकेका कागदावरची नावं वाचून दाखवू लागली, आणि त्या डोळे मिटून तिचे उच्चार दुरुस्त करत राहिल्या. “असं नाही. ती रेघ कशासाठी आहे डोक्यावर? लांब म्हण.” अलका लांब म्हणाली. तिच्या पिशवीत ती सुटलेली वही होती. का आणली ते तिला सांगता आलं नसतं. दाखवायची नव्हती हे नक्की होतं, पण घरी ठेवून येणंही जमलं नव्हतं. पेन काढायला तिनं पिशवीत हात घातला, वहीची कड वर आली, आणि वेल्टाबाईंनी डोळे उघडले. नावं दिसत नसली तरी चादरींच्या खोलीत पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला टाका दिसला. त्यांनी हात पुढे केला, कडेवरची भोकं बोटांनी चाचपली, एक, दोन, तीन, चार, आणि लोंबणारा दोरा चिमटीत धरला.

“तुटला शेवटी,” त्या म्हणाल्या. “दोऱ्याला मेण कमी लावायचा तो. मी सांगितलं होतं त्याला.”

अलकानं वही पिशवीतून पूर्ण बाहेर काढली. मग तिला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही. “तेवीस आहेत,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं?”

“मीच टाकलं ना पाकीट पेटीत. मला नाही तर कुणाला माहीत असणार? रिकामं होतं.” त्या हे इतक्या साधेपणानं म्हणाल्या, जशी काही अलका हवापाण्याबद्दल विचारत होती. मग त्यांनी सगळं सांगितलं, थांबत थांबत, मध्ये पाण्याचे दोन घोट घेत. कागद त्यांनी महिनाभर आधी ठरवून ठेवला होता. त्यावर त्यांच्या शाळेतल्या एका मुलीचं नाव होतं. ती तिथेच राहिली, मास्तरीण झाली, सगळं सोसलं. पडद्याआड त्यांनी तिच्या नावापुढे खूण केली, आणि मग हात थांबला. अलका गाडीत जे बोलली होती ते आठवलं. जे तिथे राहतात त्यांनी ठरवावं. वेल्टाबाई म्हणाल्या, मला वाटलं, ही पोर खरं बोलतेय. ती मैत्रीण तिथे रांगांत उभी होती तेव्हा मी इथे चादरी मोजत होते. मला मोजलं जावं एवढंच हवं होतं, म्हणून मी पाकीट टाकलं आणि माझी हजेरी लावली. ठरवलं काही नाही.

 “म्हणजे माझ्यामुळे,” अलका म्हणाली. “घाईनं असतं तरी मला चाललं असतं. हे तर माझ्या बोलण्यामुळे. आणि तुम्ही एवढी वर्षं मला सांगितलं नाहीत.”

“तुझ्याजवळ वडिलांचं ओझं होतंच. त्यावर माझं कशाला?” वेल्टाबाई म्हणाल्या. “आणि मी खोटं कधी बोलले? माझी गोष्ट आठव. मी रांगेत उभी राहिले, माझं नाव विचारलं, मी पाकीट टाकलं. यात खोटं काय आहे?” ते खरं होतं. कुणाला मत दिलं हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना ते सभ्यपणाचं वाटलं होतं. “दीनानाथनं विचारलं मला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आला, गठ्ठा हातात. म्हणाला, वेल्टा, एक जास्त आहे. मी म्हटलं, तुझ्या बायकोला कळू देऊ नकोस, शिवून टाक. तो गेला आणि त्यानं शिवून टाकलं.” अलकाला तो दारात उभा दिसला, पायांत बागेतले बूट, हातात कागद, मान किंचित वाकडी. त्यानं त्या पानांवर मेथी आणि पालक लिहिला होता, आणि सत्तावीस वर्षं गोष्ट निघाली की चहा टाकला होता. तिला त्याच्यावर इतकी माया आली की राग यायला जागाच उरली नाही. तिनं वेल्टाबाईंचा हात धरला. तो कागदासारखा हलका झाला होता, आणि त्या हातानं तिची बोटं दाबली.

मग वेल्टाबाईंनी विचारलं, तुझ्या वडिलांजवळ तिथे डॉक्टर नव्हते का? अलका म्हणाली, होते. चांगले होते? हो, चांगले होते, ती म्हणाली. “मग भावानं तुला कशाला फोन केला, पाच हजार मैलांवर? सल्ला तर तिथेच मिळत होता. त्याला तू त्या खोलीत हवी होतीस. मला हे कळायला पुष्कळ वर्षं लागली, अलका. विचारतात ते आपल्याच माणसाला. ज्याला विचारतात तो निघून गेलेला नसतो.” त्यांनी रीगाच्या पाकिटावर बोट ठेवलं, जिथे त्यांचं नाव छापलेलं होतं. “हे बघ. मी मागितले आणि त्यांनी कागद घरापर्यंत पाठवले. विचारतायत. आता उत्तर द्यायला हवं.” आणि त्यांनी तिला सातवा कागद पुन्हा वाचायला सांगितला. अलका वाचू लागली. एका नावाशी त्या म्हणाल्या, थांब, पेन दे, आणि तिनं जागा दाखवल्यावर त्यांनी अधिकची खूण केली, आडवी रेघ थोडी वाकडी गेली. अलकानं मान दुसरीकडे वळवली, मतदान गुप्त असतं म्हणून, आणि मग दोघींनाही हसू आलं, कारण नाव तिनंच वाचलं होतं. कागद पाकिटात गेला. चिकटवायची कड त्यांनी तिच्यापुढे धरली, माझं तोंड कोरडं आहे म्हणाल्या, आणि अलकानं ती जिभेनं ओली केली. डिंकाची कडवट चव आली.

उरलेला गठ्ठा वेल्टाबाईंनी तिच्या हातात दिला. पाटकोरे, त्या म्हणाल्या, पण शिवणार कोण आता? अलका म्हणाली, मी शिवेन. मेण जास्त लाव, त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. पोस्टाची पेटी केअर होमच्या फाटकाशीच होती. पाकीट टाकून ती गाडीत येऊन बसली, दार लावलं, आणि मांडीवर कागद घेऊन मोजले. अठरा. पुन्हा मोजले. अठराच. तेव्हा कुठे तिला रडू आलं, आणि ते चांगलं, पोटभर रडू होतं. रडता रडता तिला आणखी एक गोष्ट आठवली, जी ती एकोणतीस वर्षं विसरली होती, किंवा वहीच्या पानासारखी आत दुमडून बसली होती. अण्णा गेल्यावर गिरीशचा फोन आला होता. तो हुंदके देत होता, आणि तिनंच त्याला म्हटलं होतं, यापुढे मला काही विचारत जाऊ नकोस, तुमचं तुम्ही ठरवत जा. त्यानं ऐकलं. धाकटा होता, ताईचं ऐकायची त्याला सवय होती. आणि ती एवढी वर्षं म्हणत आली की भाऊ विचारत नाही, त्याच्या मनात अजून तो राग आहे. मिरजेला आता संध्याकाळचे साडेआठ झाले असतील, तो जेवून व्हरांड्यात बसला असेल. तिनं फोन लावला.

“गुडघ्याचं तू मला विचारलं नाहीस,” ती म्हणाली.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. “तूच सांगितलं होतंस, ताई,” गिरीश म्हणाला.

“माहीत आहे. चुकलं माझं. आता विचार.”

पंख्याचा आवाज बंद झाला.  मग एकसष्ट वर्षांच्या त्या माणसाचा आवाज पुन्हा बत्तीसचा झाला. “मला भीती वाटतेय गं. अण्णांचं आठवतं. तू सांग, करू का?”

अलकानं मांडीवरचे कागद सारखे केले, कडेला कड लावून, शिवायला घेतल्यासारखे. “आधी सगळे रिपोर्ट पाठव,” ती म्हणाली, “आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचा नंबर दे. मग सांगते.”